माझं पोस्ट ऑफिस, माझ्याच घरात!

फुकटात ई-मेल मिळत असताना घरी सर्व्हर कशाला, असं मित्र विचारतात. सिंपल! बाबा गेले, त्यांच्या मेल्स उरल्या. त्या माझ्याच कपाटात हव्यात, कुणाच्या मर्जीवर नकोत.

येणारी मेल झकास येते. पाठवलेली मात्र ‘५५०’चा शेरा घेऊन परत! आईला पाठवलेलीसुद्धा!

गोम अशी, की मेल पाठवण्याचे मूळ नियम १९८२चे, भाबडे. पाठवणारा कुणाचंही नाव सांगू शकतो. म्हणून आता समोरचा सर्व्हर ओळखपत्रं मागतो. एसपीएफ म्हणजे तुमच्या वतीनं कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे डिजिटल सही. दोन्ही चोख होती. पण आयपी पत्त्यावरून उलटं नाव शोधलं, की इंटरनेट कंपनीचं निघतं. ते बदलणं त्यांच्या हातात. त्यात घरगुती कनेक्शन म्हणजे स्पॅमचा संशय आलाच!

मग काय, जाणारी मेल ५८७ पोर्टवरून एका रिले सर्व्हिसकडे सोपवली, एसपीएफच्या यादीत तिचं नाव घातलं. आईचं उत्तर दहा मिनिटांत हजर!

स्वातंत्र्य थोडं कमी झालं? झालं की! पण पत्रपेटी घरची आहे, पोस्टमन तेवढा भाड्याचा.