काळ्यावरचे काळे

मोटारीच्या तळाला गंज लागू नये म्हणून फासलेला डांबरी लेप, ज्याला गॅरेजमध्ये अंडरकोट म्हणतात, तो पत्र्यावरून उतरवणे कष्टाचे असले तरी अवघड नाही. अवघड असते ती लेप संपून गाडीचा मूळ रंग सुरू होतो ती, दरवाजाखालच्या पट्टीवरची बोटभर कड. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेल्या पद्मिनीला वेगळी चासी नाही, तळाचा पत्रा आणि वरचा सांगाडा मिळून एकच कवच होते. त्यामुळे लेपाआडचा गंज गाडीच्या बळावरच घाला घालतो. डांबरातला तेलकट अंश काळाच्या ओघात कमी झाला की लेप चिक्कीसारखा तडकतो, त्या तडांतून शिरलेले पावसाचे पाणी आतच मुरते आणि जो लेप राखण करण्यासाठी होता तोच ओल धरून ठेवतो.

सपाट भागावर हीट गनची बेताची ऊब आणि लाकडी पत्ती पुरते. कडेला मात्र रॉकेलाचा बोळाच हाती घ्यावा लागतो, कारण रॉकेल डांबर विरघळवते पण पक्क्या वाळलेल्या रंगाला सहसा धक्का लावत नाही. उलट थिनरने नायट्रोसेल्युलोजचा रंग, म्हणजे केवळ द्रावक उडून गेल्याने वाळणारा जुना लॅकर, डांबराबरोबरच निघून येतो. ऊब आणि रॉकेल एका वेळी वापरायचे नसते, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागू नये.

फिक्या रंगाच्या गाडीवर निवाडा फडके करते: त्यावर तपकिरी डाग आला तर डांबर निघते आहे, गाडीचा रंग उतरला तर हात थांबवायचा. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या पद्मिनी टॅक्सीचे छप्पर पिवळे असले तरी खालचे अंग काळे असते, म्हणजे लेपही काळा, रंगही काळा आणि फडकेही काळे. अशा कडेवर प्रस्तुत लेखकाने आजवर बोटाच्या टोकावर भिस्त ठेवली, कारण डांबराचा शेवटचा पापुद्रा किंचित चिकटतो आणि रंग गुळगुळीत लागतो. वय झाल्यावर बोटांची ती जाण बोथट झाली आणि त्याच सुमारास हाताखालच्या मुलाने वेगळी खूण पुढे ठेवली: पांढऱ्या सुती फडक्यावर रॉकेलात विरघळलेले डांबर पसरून डागाभोवती तपकिरी कडे उमटते, तर रंगातली काजळी विरघळत नसल्याने घासल्या जागीच करडी राहते. खूण बिनचूक होती. तरीही ती मान्य करण्यापूर्वी प्रत्येक कड बोटाने पडताळून पाहण्याचा हट्ट लेखकाने सोडला नाही, आणि त्या हट्टामागे सावधगिरीपेक्षा आपल्या स्पर्शाला पर्याय नसावा ही इच्छाच अधिक होती. ती अजूनही पुरती गेलेली नाही.

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून काही तासांत तळ चकचकीत करून देणाऱ्यांविषयी मात्र असा कोणताही संकोच नाही. त्यांचा ब्रश लेपाबरोबर सांध्यांतला सीलर, म्हणजे दोन पत्र्यांच्या जोडात पाणी शिरू नये म्हणून भरलेला लवचीक मसाला, उपटून काढतो, आणि जुन्या लेपांपैकी काहींत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असत, याचीही त्यांना फिकीर नसते. सुमारे उणे ७८ अंशांच्या कोरड्या बर्फाचे कण झोताने मारून लेप ठिसूळ करणारी यंत्रे त्यांच्याहून कितीतरी सभ्य आहेत. पण सैल झालेला जुना रंग त्या झोताखालीही उडतो, त्यामुळे कडेचा प्रश्न तसाच उरतो.

फडक्यावरची खूणही एके ठिकाणी अपुरी पडते. लॅकरला केसाएवढ्या भेगा गेल्या असतील तर त्यांत उतरलेले डांबर दर पुसण्याला थोडे थोडे वर येत राहते, तपकिरी कडे उमटायचे थांबत नाही, आणि ते थांबेपर्यंत पुसणारा शेवटी भेगांच्या काठचा रंगच झिजवतो. तिथे वरचा थर निघाल्यावर बोळा बाजूला ठेवावा आणि भेगांतले डांबर भेगांतच राहू द्यावे, असे लेखकाचे ठाम मत आहे. मुलगा अजून एकदा पुसून पाहू म्हणतो, आणि त्यावरचा त्यांचा वाद मिटलेला नाही.