चिंधी आणि सुलभा

खाडीकाठच्या भातखाचरांवर सिडकोच्या आखणीने उभे राहिलेले खारघर आज सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखले जात असले, तरी त्याच्या पाठीशी असलेल्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे अजून नांदते आहेत, आणि पनवेल ओलांडून गोव्याच्या महामार्गाला लागले की थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचा किल्ला आपल्या सुळक्यासह समोर येतो. सुळका म्हणजे भोवतालचा ठिसूळ खडक झिजून गेल्यावर मागे उरलेला कठीण, उभ्या कड्यांचा एकाकी कातळ. कर्नाळ्याचा सुळका तर मुठीतून वर काढलेल्या अंगठ्यासारखा दिसतो, आणि त्याच्या कपारींत आग्या माश्यांची, म्हणजे मोठ्या व आक्रमक रानमाश्यांची, पोळी लोंबत असतात. याच परिसरातील ठाकरांच्या, म्हणजे रायगड, ठाणे, नाशिक आणि नगरच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या एका आदिवासी जमातीच्या, जगण्यावर गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ ही कादंबरी लिहिली, आणि जब्बार पटेलांनी १९७७ साली तिचा चित्रपट केला. सिडको तेव्हा सात वर्षांची होती आणि खारघर, बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे ही गावे शेतीचीच होती. या भागाला मराठी चित्रपटाने दिलेली सर्वांत जिवंत स्त्री म्हणजे त्या चित्रपटातील चिंधी, आणि ती साकारणाऱ्या स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बाविशीच्या होत्या.

चिंधीची कथा थोडक्यात सांगता येते. नको असलेला नवरा सोडून ती माहेरी आली आहे. जमातीच्या रीतीप्रमाणे काडीमोड, म्हणजे पंचांच्या साक्षीने होणारी फारकत, मिळवायची तर नवऱ्याचे पैसे परत द्यावे लागतात, आणि ते देऊन ती मोकळी होते. तिचे मन नाग्यावर आहे. नाग्या हा भगताचा, म्हणजे देवाचे करणाऱ्या आणि जमातीच्या श्रद्धा सांभाळणाऱ्या माणसाचा, मुलगा. तो ढोल वाजवतो, पुण्यवंत होऊ पाहतो, आणि राणीमाशीने डोळ्याला डसल्यावर लिंगोबाच्या डोंगरावरची सारी पोळी उतरवण्याचा पण करतो. पण पुरा होतो, जैत मिळते, आणि त्या विजयाची किंमत चिंधीच्या प्राणांनी चुकती होते. ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि मोहन आगाशे यांचा नाग्या यांमुळे या चित्रपटाची आठवण बहुधा गाण्यांची आठवण होऊन बसली आहे, आणि हे एका अर्थी चिंधीवर अन्याय करणारे आहे, कारण गाण्यांच्या त्या दाटीत कथेचे वजन जमिनीवर टेकवून ठेवण्याचे काम तीच करते. ती चालते तेव्हा चढ तिच्या पोटऱ्यांत दिसतो, ती बसते तेव्हा दिवसभराचे श्रम आधी बसतात, आणि नाग्याकडे पाहताना तिच्या नजरेत लाजेपेक्षा हक्क अधिक असतो. आदिवासी नायिका म्हटली की तिला फुले माळून निसर्गकन्या करण्याची आपल्या चित्रपटांची जुनी खोड आहे. या चिंधीला तशी सजावट सहन झाली नसती.

शहरात वाढलेल्या तरुणीला हे कसे साधले, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी तिच्या घरात सापडते. स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव पाटील खानदेशातील शिरपूरचे, स्वातंत्र्य चळवळीतून आलेले समाजवादी कार्यकर्ते आणि पुढे राज्याचे मंत्री. आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यकर्त्या. राष्ट्र सेवा दल, म्हणजे शिबिरे, गाणी आणि कलापथके यांतून समतेचे संस्कार करणारी समाजवादी परंपरेतील संघटना, हे त्या घराचे जणू अंगणच होते. अशा वातावरणात वाढलेल्या मुलीला खेडे म्हणजे सहलीची जागा वाटत नाही आणि श्रम करणारी बाई म्हणजे दयेचा विषय वाटत नाही, एवढे तरी निश्चित म्हणता येईल.

दुसरे शिक्षण मुंबई दूरदर्शनवर झाले. हे केंद्र ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झाले आणि पहिल्या काही वर्षांत मराठी बातम्या देणाऱ्या वृत्तनिवेदिकांमध्ये स्मिता पाटील होत्या. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की त्यापलीकडचे कोणी पाहतच नाही. बातमी वाचणाऱ्याला शब्दाला रंग चढवण्याची मुभा नसते. पुराची, अपघाताची आणि अंदाजपत्रकाची बातमी एकाच संयमाने द्यावी लागते, आणि तरीही वाचणाऱ्याला तिचा अर्थ कळला आहे हे चेहऱ्यावरून ऐकणाऱ्याला समजावे लागते. भावना दाखवण्याऐवजी ती धरून ठेवण्याची जी सवय त्यांच्या पुढच्या सगळ्या चांगल्या भूमिकांत दिसते, तिचे मूळ या रोजच्या वाचनात असावे असे मानण्यास जागा आहे. अरुण खोपकरांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाच्या अखेरीस करावयाच्या छोट्या चित्रपटात, त्या झळकल्या, आणि श्याम बेनेगल यांनी त्यांना १९७५ साली ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’मध्ये घेतले.

अशा रीतीने त्या ज्या प्रवाहात आल्या त्याला समांतर चित्रपट म्हणतात. तारेतारका, ठरावीक गाणी आणि मोठे भांडवल यांच्या आधाराने चालणाऱ्या धंदेवाईक चित्रपटाच्या शेजारून, कमी पैशांत, खऱ्या ठिकाणी आणि बहुधा साहित्यातून किंवा सामाजिक प्रश्नांतून उचललेल्या विषयांवर केलेला चित्रपट, असा त्याचा ढोबळ अर्थ. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला ‘मंथन’ (१९७६) हे त्याचे नमुनेदार उदाहरण. त्यातली बिंदू, तारुण्यापासून ढळत्या वयापर्यंतचा प्रवास दाखवणारी ‘भूमिका’तली उषा, ‘आक्रोश’मधली नागी, जयवंत दळवींच्या कादंबरीवरून केलेल्या ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा, ‘बाजार’मधली नजमा, मृणाल सेन यांच्या ‘आकालेर संधाने’मधली स्मिता नावाचीच नटी, अरविंदन यांच्या मल्याळम ‘चिदंबरम’मधली शिवकामी: यादी वाढवता येईल, पण यादीने फारसे काही सिद्ध होत नाही. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या दोहोंसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि १९८५ साली पद्मश्री.

यादीपेक्षा एक धागा अधिक बोलका आहे. स्मिता पाटील यांच्या महत्त्वाच्या भूमिका घर सोडणाऱ्या स्त्रियांच्या आहेत, आणि प्रत्येकीचे सोडणे वेगळ्या भूमीवरचे आहे. ‘भूमिका’ हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला; मराठी पडद्यावर गाजलेल्या त्या नटीने आपल्या आयुष्याची वळणे ज्या उघडेपणाने सांगितली, त्याने तेव्हाच्या वाचकाला चटका बसला होता. त्यातली उषा एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते, प्रत्येक ठिकाणी दार उघडे आहे असे समजून आत शिरते आणि ते बाहेरून लागल्याचे तिला उशिरा कळते. ‘मिर्च मसाला’मधली सोनबाई सुभेदाराच्या हाताला न लागता मिरच्या कुटण्याच्या कारखान्यात आश्रय घेते, तिचे बाहेर पडणे म्हणजे दुसऱ्या कोंडीत शिरणे आहे, पण त्या कोंडीत तिच्यासोबत इतर बायका आहेत, आणि शेवटी विळा तिच्या हातात आहे.

या सगळ्यांत ‘उंबरठा’ची सुलभा महाजन मराठी मध्यमवर्गाच्या सर्वांत जवळची. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनीच १९८२ साली चित्रपट केला. सुलभाकडे शिक्षण आहे, वकील नवरा आहे, भले घर आहे, लहान मुलगी आहे. तिला काम हवे आहे एवढाच तिचा गुन्हा. निराधार स्त्रियांच्या आश्रमाची अधीक्षक म्हणून ती दूरच्या गावी जाते, तिथल्या व्यवस्थापनाशी झगडते, हरून परत येते, आणि परतल्यावर घरात आपली जागा उरलेली नाही हे पाहून पुन्हा निघते. या भूमिकेत स्मिता पाटील यांनी आवाज क्वचितच चढवला आहे. आश्रमातल्या बायकांशी बोलताना हळूहळू सैल होणारे खांदे आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा ताठ होणारी पाठ, एवढ्यावर त्यांनी सबंध कथा पेलली. त्यांच्या डोळ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पाठ आणि हात यांच्यावर लिहायला हवे होते.

चिंधी आणि सुलभा शेजारी ठेवल्या की एक अवघड गोष्ट दिसू लागते. अक्षरशत्रू ठाकरीण पैसे मोजून नको असलेल्या लग्नातून बाहेर पडते, आणि तिच्या जमातीला त्याची रीत ठाऊक असते. शिकलेल्या, वकिलाच्या घरच्या बाईला तीच गोष्ट करताना सगळा संसार पणाला लावावा लागतो, कारण तिच्या समाजाने सन्मानाने बाहेर पडण्याची रीतच ठेवलेली नाही. दिग्दर्शक एक, नटी एक, मधे पाच वर्षांचे अंतर; दोन्ही चित्रपट मिळून महाराष्ट्राच्या कुटुंबव्यवस्थेबद्दल जे बोलतात ते पुष्कळ व्याख्यानांनी बोलता आलेले नाही. चिंधीचे जगणे सुखाचे होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. तिच्या वाट्याला दारिद्र्य आहे आणि पुरुषाच्या पणापायी आलेला मृत्यू आहे. पण निघताना तिची मान खाली नाही.

धंदेवाईक हिंदी चित्रपटांतही त्यांनी पुष्कळ काम केले. १९८२ मध्येच ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ आले. या चित्रपटांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यांत काय करावे हे त्यांच्या शरीराला उमगत नसल्यासारखे वाटते, आणि पावसात भिजणाऱ्या नायिकेच्या चौकटीत त्या उपऱ्याच दिसतात. ‘चक्र’मधील उघड्यावरच्या अंघोळीचे दृश्य जाहिरातीसाठी वापरले गेले, तेव्हा मात्र दोन चित्रपटसृष्टींमधली भिंत किती पातळ आहे हे उघड झाले. मुलाच्या जन्मानंतर पंधराच दिवसांनी, १३ डिसेंबर १९८६ रोजी, प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीतून त्यांचे मुंबईत निधन झाले. वय ३१. ‘मिर्च मसाला’ त्यानंतर प्रदर्शित झाला.

मोठ्या पडद्यावर त्या अलीकडे पुन्हा दिसल्या. जपणूक करून नव्याने तयार केलेली ‘मंथन’ची प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखवली गेली, आणि बिंदूवर पुन्हा लिहिले गेले. मराठीतल्या दोघींच्या वाट्याला इतके कौतुक आलेले नाही. खारघर-पनवेलच्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांतील चित्रपट मंडळांनी ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ एकाच आठवड्यात, आधी चिंधी आणि मग सुलभा अशा क्रमाने, दाखवावेत, आणि गाण्यांवर टाळ्या पडून झाल्या की चर्चेचा वेळ या दोन स्त्रियांसाठी राखून ठेवावा.