हात लावून पाहणे

आमचे वाचनाचे शिक्षण मराठीच्या वर्गात झाले, असा लोकांचा समज आहे आणि आम्हीही तो फारसा दूर केलेला नाही. वास्तविक पहिला धडा आम्हांला मिळाला तो १९९६ च्या उन्हाळी सुट्टीत, सास्तूरच्या वाटेवर, एका ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून. त्या धड्यात आम्ही नापास झालो. हे सांगायला इतकी वर्षे का लागली, त्याचे कारण पुढे येईलच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, किल्लारीच्या भूकंपात सास्तूर जमीनदोस्त झाले. आमच्या भागातली जुनी घरे माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा थर. छत गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी आणखी माती टाकली जाई. पिढ्यान्‌पिढ्या छताचे ओझे वाढत गेले आणि खालच्या भिंतींना ते पेलवते आहे का, हे पाहण्याची रीत मात्र कधी पडली नाही. १९९२ च्या शेवटी किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते. तरी ओझे तसेच राहिले.

पुढे नव्या जागी नवे गाव वसू लागले. त्यासाठी वाळू, खडी, सिमेंट वाहणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. त्यांतली एक आमच्या चुलत्यांच्या हाती होती. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. गाडी त्यांची नव्हे, ते ड्रायव्हर. आणि त्या सुट्टीपुरते आम्ही त्यांचे किन्नर.

सोलापुरातून सिमेंट भरून निघण्यापूर्वी अण्णा गाडीभोवती एक फेरी मारत. टॉमीने एकेक टायर ठोकत. मागच्या जोडचाकांतले आतले चाक डोळ्यांना नीट दिसत नाही; त्यात हवा आहे की नाही, ते आवाजावरून ओळखायचे. भरलेला टायर टणक बोलतो, हवा गेलेला नुसता धप्प करतो. मग पाट्यांखाली वाकून एखादे पान तुटले आहे का ते पाहायचे, ब्रेक दाबून हवेची गळती ऐकायची, मागचे दिवे लावून बघायचे. सैल झालेल्या नटाभोवती गंजाची एक बारीक रेघ उतरलेली असते, ती दिसली की पाना लावायचा. अण्णांना अक्षर जेमतेम लागत असे. पण त्या फेरीत ते जे करत, त्याला वाचन म्हणायला आज आमची हरकत नाही.

एके दिवशी चाक पंक्चर झाले म्हणून बदलले होते. बदललेल्या चाकाचे नट थोडे अंतर गेल्यावर पुन्हा आवळावे लागतात. दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना अण्णांनी विचारले, "मागल्या चाकाचं नट बघितलंस का?" आम्ही केबिनमध्ये अर्धवट झोपेत होतो. "व्हय, बघितलं," म्हणालो.

नळदुर्ग मागे पडल्यावर तपासणीला गाडी अडवली. साहेबांनी हातोडी घेऊन चाकाला दोनतीन ठोके दिले आणि खाली वाकले. दोन नट बोटांनी फिरत होते. मागचा एक दिवाही बंद होता. मेमो अण्णांच्या नावावर फाटला. अण्णांनी "पोराला सांगितलं होतं" असे एका शब्दानेही म्हटले नाही. दंड भरला, तिथेच पाना काढून नट आवळले आणि गाडी सुरू केली. उमरगा येईपर्यंत ते बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "हात लावल्याबिगर बघितलं म्हनू नये."

पुढे कधीतरी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० आमच्या वाचनात आले. धोकादायक दोष असलेले वाहन चालवणे हा गुन्हा, इतके अपेक्षितच होते. पण कायद्याने दोषाची जी व्याप्ती ठरवली आहे, ती पाहून आम्ही थबकलो. चालवणाऱ्याला माहीत असलेला दोष तर त्यात येतोच, शिवाय सामान्य काळजी घेतली असती तर जो कळला असता, तोही येतो. म्हणजे "मला ठाऊक नव्हते" ही सबब कायदा आपोआप मान्य करत नाही. तुला ठाऊक करून घेता आले असते का, असे तो विचारतो. २०१९ च्या दुरुस्तीने या दंडाची मर्यादा पंधराशे रुपयांवर गेली. वाहन चालवू देणाराही याच कलमात येतो. म्हणजे कागदावर मालक सुटत नाही. रस्त्यावर मात्र स्टिअरिंगवर जो सापडतो, त्याच्याच नावाने पावती फाटते. खेपेवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला फेरी मारण्यात जाणारी पंधरा मिनिटे कोणी मोजून देत नाही, हेही इथे नोंदवायला हवे. आळसाला दोष देणे सोपे असते. घाई कोणी लादली, ते शोधणे अवघड.

अमेरिकेत ही फेरीच नियमाने बांधलेली आहे. गाडी सुरक्षित असल्याची खात्री पटल्याशिवाय व्यापारी वाहनाच्या चालकाने ती हलवायची नाही. आधीच्या अहवालात दोष नोंदला असेल, तर तो वाचून सही करायची. पण तिथेही कागदाचे व्हायचे तेच झाले. काही दोष आढळला नाही, असे रोज लिहून देणाऱ्या अहवालांचे ढीग साचले. अखेर २०१४ च्या डिसेंबरात मालवाहू ट्रकांपुरती निर्दोषपणाच्या अहवालाची सक्ती काढून टाकण्यात आली. पाहण्याची जबाबदारी तेवढी राहिली. आमच्याकडे दसऱ्याला गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. त्या पूजेची थट्टा करण्याचा आमचा विचार नाही. हार घालणारा निदान त्या दिवशी गाडीला हात तरी लावतो.

आता कारणाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेवर आम्ही मार्गदर्शक म्हणून सही केली. त्या सहीच्या वर छापलेले असते की सदर काम आम्ही तपासले आहे. आम्ही पहिले प्रकरण वाचले होते, शेवटचे चाळले होते. मधली दोन विद्यार्थ्याच्या भरवशावर सोडली होती. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मधलेच एक पान उघडले आणि शांतपणे विचारले, हा मजकूर कोणाचा? सलग काही पाने दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरलेली होती. विद्यार्थ्याने मान खाली घातली. त्याचे अर्धे वर्ष वाया गेले. आम्ही त्याच टेबलाशी बसलो होतो आणि आमच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. चोरी त्याचीच होती, यात शंका नाही. पण सामान्य काळजी घेतली असती तर ती आम्हांला कळली असती, हेही तितकेच खरे. आणि ते त्या खोलीत आम्ही बोललो नाही.

नळदुर्गच्या पुढे अण्णा आमच्यासाठी गप्प राहिले होते. इथे आम्ही गप्प राहिलो, तो आमच्याचसाठी. दोन्ही गप्पांत केवढे अंतर आहे, ते घरी येताना बसमध्ये उमगले.

अण्णा आता नाहीत. त्या पहाटे आम्ही खाली उतरलोच नव्हतो, हे त्यांना आम्ही कधी सांगितले नाही. त्यांना ते ठाऊक असणार. त्या विद्यार्थ्याला मात्र आम्ही पुढच्या आठवड्यात घरी बोलावून आमची चूक सांगितली. तो संकोचला, "जाऊ द्या सर," म्हणाला. त्यानंतर त्याची दुरुस्त प्रबंधिका आली, तेव्हा सही करण्याआधी आम्ही ती पहिल्या ओळीपासून वाचली. चार दिवस लागले. तिसऱ्या प्रकरणात एक अवतरण पुन्हा नावाशिवाय राहिले होते.