बांधावरची दीपमाळ

पुण्याच्या माणसाला बारामती म्हटले की ऊस आठवतो. जरा वाचणारा असला तर मोरोपंत आठवतात. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पंतांनी ज्या बारामतीत बसून आर्या रचल्या, त्या बारामतीला कालवा नव्हता. नीरेचा डावा कालवा आला तो १८८५ च्या सुमारास, आणि तेव्हापासून या मुलखात दोन घराणी झाली. एक बागायत, दुसरे जिरायत. बागायतीत ऊस आणि साखर कारखान्यांची धुराडी. जिरायतीत मुरमाड माळ, कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि मेंढरांचे कळप. पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आसपास, आणि तोही आपल्या सवडीने. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाते, ती या दोन्ही घराण्यांचा पाहुणचार घेत.

आमच्या आक्काला याच रस्त्यापासून आत, कालव्याच्या शेवटच्या टोकाला दिली आहे. तिकडच्या भाषेत सांगायचे तर ‘टेलला’. टेलला पाण्याची पाळी येते ती वरच्यांची तहान भागून काही उरले तर.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आम्ही सहकुटुंब तिच्याकडे गेलो. निघण्यापूर्वी तिचा निरोप आला होता, “येताना लाल साल्व्हियाची रोपं आण. पुण्याच्या बागांतून लावतात ना, तसली.” तेव्हा बारा रोपांची पेटी मांडीवर सांभाळत मी एस.टी.त बसलो. वाटेत जेजुरी लागली. गडाच्या पायऱ्यांवरच्या दगडी दीपमाळांच्या गोष्टी मुलांना सांगितल्या, मोरगावला बसमधूनच हात जोडले आणि कलत्या दुपारी मुक्कामाला पोचलो.

साल्व्हिया अंगणात लागली. पण ती पडली शहरातली, सकाळ-संध्याकाळ पाणी मागणारी. दाजी ओट्यावरून पाहत होते. म्हणाले, “पाहुणं, इथं उसाला पाणी मिळंना, अन् तुम्ही फुलांची सोय लावताय व्हय?” आक्का काही बोलली नाही. भांडी विसळलेले पाणी तिने मुकाट्याने रोपांना घातले. तिचा हट्ट वावगा नव्हता. उन्हाळ्यात बोअरचे पाणी मचूळ होते आणि अंगणात तुळशीखेरीज डोळ्याला गारवा देणारे काही उरत नाही. फुलांची हौस काय फक्त बागायतवाल्यांनीच करायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन शेताकडे गेलो. ऊस संपून माळ सुरू होतो तिथल्या बांधावर पुरुषभर उंचीची झाडे रांगेने उभी होती. दांडा सरळ, चौकोनी. त्यावर वीतवीतभर अंतराने काटेरी गोल गोंडे, दोऱ्यात ओवल्यासारखे. आणि गोंड्यांतून मखमली, शेंदरी रंगाची वाकडी फुले बाहेर डोकावत होती. खालचे गोंडे वाळून तपकिरी झालेले, वरचे पेटलेले. आक्काच्या सासूबाई मागून येत होत्या. त्यांना नाव विचारले, तर म्हणाल्या, “दीपमाळ की! जेजुरीला न्हाई का बघितली?” धाकटीला झाडाचे नाव एका शब्दात कळले. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक मला दहा मिनिटे उघडावे लागले असते.

तेवढ्यात चिमणीहून लहान असा एक पक्षी दांड्यावर येऊन टेकला. पोट पिवळे, गळ्यापासून खाली एक काळी रेघ, चोच बारीक आणि बाकदार. हा जांभळा शिंजीर. विणीच्या दिवसांत नर काळ्या-जांभळ्या झळाळीने नुसता उजळून निघतो. विण संपली की असा घरगुती वेष घालतो. त्याने एका फुलात चोच खुपसली, मग शेजारच्या, मग गोंड्याभोवती उलटासुलटा लटकत प्रत्येक फुलाचा समाचार घेतला. फुलाची नळी वाकडी आणि चोचही वाकडी. मध असतो नळीच्या तळाशी. परागांचे केसर वरच्या ओठाखाली दडलेले असतात. पक्षी आत वाकला की त्याच्या कपाळाला परागांचा टिळा लागतो आणि तोच टिळा तो पुढच्या झाडाला नेऊन लावतो.

गंमत अशी की मी मांडीवरून नेलेली साल्व्हिया, अंगणातली तुळस आणि ही बांधावरची दीपमाळ, तिघी एकाच कुळातल्या. चौकोनी दांडा, समोरासमोर पाने, दोन ओठांचे फूल, ही त्या कुळाची खूण. साल्व्हियाच्या जगात सुमारे हजार जाती आहेत; अमेरिकेतल्या कितीतरी लाल जाती कोरड्या जमिनीत तग धरतात आणि त्यांच्यावर हमिंगबर्ड येतात. हमिंगबर्ड अमेरिकेच्या दोन खंडांबाहेर कुठेच नाही. आपल्याकडे त्याचे काम शिंजीर करतो, पण दोघांचे नाते काडीचे नाही. हमिंगबर्ड पाकोळ्यांचा भाऊबंद; तो हवेत एका जागी तरंगत मध पितो. आपला शिंजीर बहुधा दांडा धरून, बैठक मारून पितो. दीपमाळ मूळची आफ्रिकेतली. माणसाबरोबर ती इकडे आली तशी अमेरिकेतही गेली. तिथे तिच्याकडे हमिंगबर्ड जेवायला येतात.

आणि हे सारे कालव्याच्या थेंबाशिवाय! पावसाळ्यात बी रुजते, असेल त्या ओलीवर झाड भराभर वाढते, दसऱ्या-दिवाळीला फुलते, बी धरते आणि मरते. दुष्काळाचे महिने ते बियांच्या रूपाने निजून काढते. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला पिकांनी पाण्याचा ताण कसा सोसावा याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. हे झाड त्या परीक्षेला न बसताच पास झालेले.

दाजींना मात्र यातले काही कौतुकाचे वाटेना. “तण हाय ते. परवा मारायचंय. गडी सांगून ठेवलाय, औषधाचा पंप आणलाय.” त्यांच्याकडे कारणेही होती. बांध साफ झाला की उसाची आणखी एक सरी निघते. गोंड्यांचे काटे वैरण कापताना हाताला टोचतात. सरीचा हिशेब मी पुण्याला राहून काय खोडणार? मी गप्प राहिलो. रात्री जेवणे झाल्यावर आक्काच म्हणाली, “एकोणीस वर्षांत मी या रानातलं काही माझं म्हणून मागितलं नाही. तो बांध माझ्या वाटणीचा समजा.”

दाजी बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “वीस पावलं.”

वीस पावले बांध राहिला. उरलेल्यावर परवा ठरल्याप्रमाणे पंप फिरला. आक्काने लगेच जाऊन दोन्ही टोकांना धोंडे मांडले.

आता ज्यांच्या अंगणात ऊन आहे पण पाणी नाही, त्यांनी दीपमाळ जरूर लावावी. एक मात्र सांभाळावे. उत्साहाच्या भरात बी माळावर उधळू नये. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य (१९९७), इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी, हे माळ पडीक नाहीत. तिथल्या गवतावर चिंकारे जगतात. आधीच उसाने, नांगराने आणि रस्त्यांनी तो माळ आक्रसला आहे, त्यात परदेशी पाहुणीची भर कशाला? या कोरड्या पट्ट्यात शिंजिराची सोय मुळातच आहे: नेपतीचे, पाने नसल्यासारखे दिसणारे काटेरी झुडूप उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी भरते, आणि शिंजीर तिथे हजर असतात.

अंगणात लावायची तर बी मृगाच्या आसपास टाकावे, मुरमात टाकले तरी चालते. बोटभर माती वर लोटावी, दोन रोपांत हातभर अंतर ठेवावे. खताच्या नादी लागू नये. झाड नुसते पानांनी माजते. नको तिथे पसरू नये म्हणून सगळे गोंडे वाळताच कापून घ्यावेत. हाताला जाड फडके गुंडाळावे, गोंडा सुपावर उलटा धरून झटकावा. बारीक काळे बी खाली पडते. आक्काने पौषात तसे झटकून चहाच्या डब्यात भरून ठेवले आहे. डब्यावर दाजींच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘तण नव्हे’.