चढताना सून, उतरताना सासू

गुडघा हा अवयव माणसाला पन्नाशीपर्यंत आठवत नाही आणि पुढे दुसरे काही आठवू देत नाही. माझ्या थोरल्या मावशीच्या उजव्या गुडघ्याने सत्तरीपर्यंत दम धरला, हे त्याचे सौजन्यच. मग मात्र तो असा दुखू लागला, की समाचाराला येणारा प्रत्येक जण एकच औषध सांगून जाई : "आता बसून राहा हो!"

सांगणाऱ्याचे काय जाते? मावशीचे मात्र एकेक करून गेले. आधी मंडई, मग देवळातले कीर्तन, मग सदाशिव पेठेतल्या तिच्या घराचा जिना. दुखण्याहून पडण्याची धास्ती मोठी झाली. भिंत धरल्यावाचून ती न्हाणीघरापर्यंतही जाईना.

डॉक्टरांनी फोटो पाहून स्पष्ट सांगितले, "सांध्यातली कूर्चा झिजली आहे, ती काही पुन्हा भरून यायची नाही. दुखणे थोडेफार राहणारच. पण मांडीचा स्नायू बसून बसून दुबळा झालाय. तो कमावता येतो, आणि तो बळावला की गुडघ्याला आधार होतो." मला हा गृहस्थ आवडला. निम्मे मागे ठेवून घेऊन उरलेले निम्मे त्याने हातात दिले होते.

व्यायाम शिकवायला आलेली मुलगी नातीच्या वयाची. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळायची, पाच मोजायचे, पाय खाली. मावशीने वडिलांनी पाठ करून घेतलेली पावकी काढली. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा! सव्वाला पाय खाली. पहिला आठवडा ती रडकुंडीला आली, पण पावकी सोडली नाही. मुलीने तिची काठीही उजव्या हातातून डाव्या हातात दिली. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी, म्हणजे दोघे जोडीने पुढे पडतात. आणि जिन्याचा नियम असा, की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

"म्हणजे चढताना सून पुढे, उतरताना सासू!" मावशी म्हणाली. त्या दिवशी ती कित्येक महिन्यांनी हसली.

गेल्या मार्गशीर्षात तिने पर्वतीचा हट्ट धरला. पायऱ्या १०३. रुंद असल्या तरी शेवटी पायऱ्याच! दर दहा पायऱ्यांना विसावा. एका पोराने विचारले, "आजी, हात देऊ?" "कुठे घेऊ? एकात काठी, एकात पदर!" साठीच्या पुढे तिचा चेहरा आक्रसला. मी परतण्याचे सुचवले. "दुखतंय. दुखू दे. त्याच्यासाठी थांबतेय ना मी?" नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेल्या देवदेवेश्वरापाशी पोहोचल्यावर तिने देवाआधी पुण्याकडे पाहिले. आपले घर शोधू लागली. सापडले नाही.

उतरायला चढण्याहून अधिक वेळ लागला. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. दोन दिवस शेक, विश्रांती; तिसऱ्या दिवशी खुर्चीवरून पावकी पुन्हा ऐकू आली.

या दिवाळीत पहाटे सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला जायचे ठरले आहे. रिक्षा नको म्हणते. काठीला नवे रबरी बूड बसवून घेतले आहे.