सरकारी वकिलासाठी मतदान

नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरला. खाली ‘मुबारक’ची रांग. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात कीथ एलिसन अटर्नी जनरल म्हणून निवडून आले होते. तिथे राज्यभराच्या मतदानातून पद मिळवणारे ते पहिले मुस्लिम. मीही मुबारक लिहून मोकळी झाले. हे पद कसलं असतं, ते मात्र नीट ठाऊक नव्हतं. आणि मी शाळेत नागरिकशास्त्राचे तासही घेते!

मग वाचलं. राज्य सरकारचा सर्वांत मोठा वकील. आपल्याकडे त्याला महाधिवक्ता म्हणतात आणि संविधानाच्या कलम १६५ प्रमाणे राज्यपाल त्याची नेमणूक करतात. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत त्याला लोक निवडतात. पक्ष, प्रचार, देणग्या, जाहिराती, सगळं आलंच. वर्गात सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, “टीचर, मग ज्या केसमुळे मतं जातील, ती केस तो लढेल का?”

तेव्हा मी विषय बदलला. उत्तर नंतर मिळालं. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसच्या रस्त्यावर पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. एरवी असे खटले तिथे जिल्ह्याचा वकील चालवतो. गव्हर्नरांनी हा एलिसन यांच्याकडे सोपवला. एप्रिल २०२१ मध्ये तो पोलीस दोषी ठरला, पुढे साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. जगभर नाव झालं. आणि २०२२ ची निवडणूक? विरोधकांनी वाढत्या गुन्हेगारीवरून रान उठवलं. एलिसन वाचले, पण एक टक्क्याहूनही कमी मतांनी. आमच्या ग्रुपवर त्या वेळी कुणी मुबारक लिहिलं नाही. कुणाला पत्ताच नव्हता. तसंही मिनेसोटात मुसलमान थोडे. दोन्ही वेळा त्यांना निवडलं ते मुख्यतः इतरांनी. खरी मुबारक त्या मतदारांना द्यायला हवी होती.

न्यायाचं काम मतपेटीला बांधलेलं असावं, हे माझ्या मनाला अजून पटत नाही. इथल्या हवेत सरकारी वकील भाषणं ठोकत मतं मागतोय, ही कल्पनाच नको वाटते. पण मग मामी आठवतात. मामूंना ट्रकने उडवलं त्याला सहा वर्षं झाली. खटल्यात तीन सरकारी वकील बदलले. तिसऱ्याने मामींना कोर्टाच्या व्हरांड्यात विचारलं, “तुम्ही कोण?” त्या माणसाला जाब विचारायला मामींच्या हातात काय आहे?

परवा त्यांना मिनेसोटाची गोष्ट सांगितली. मेथी निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “वहाँ तारीख जल्दी मिलती क्या?”