दाणे पाखरांसाठी होते

सांगलीच्या घरी मंदिरातून परतल्यावर गच्चीवर मूठभर ज्वारी टाकण्याचा माझा जुना नेम. मुलाकडे टोरांटोला राहावयास आले, तेव्हा तो नेमही माझ्याबरोबर आला. परसातील लाकडी ओट्यावर, ज्याला येथे डेक म्हणतात, एका पसरट ताटलीत मी दाणे ठेवीत असे. दिवसभर चिमण्या व खारी येत. उरलेले दाणे रात्री तेथेच राहत आणि सकाळी ताटली स्वच्छ दिसे. मला वाटे, येथील पाखरे माझ्याही आधी उठतात.

मे महिन्यातील एका रात्री ती समजूत संपली. आमच्या घरी दोन कुत्री आहेत : थोराड, शांत बंडू आणि नातीची लाडकी, हातभर लांबीची चिंगी. दहाच्या सुमारास सूनबाईने त्यांना परसात सोडले. क्षणात भुंकणे, मग एक घोगरी गुरगुर आणि पाठोपाठ चिंगीचे केकाटणे ऐकू आले. दिवा लावून पाहतो तो ताटलीपाशी पाठीची कमान करून एक रॅकून उभे. आपल्याकडील उदमांजराची आठवण व्हावी, पण अंगाने त्याहून भरदार. डोळ्यांवर काळा पट्टा, झुबकेदार शेपटीवर काळी कडी. पळून जाण्याऐवजी ते तेथेच ठाण मांडून राहिले. चिंगीचा कान फाटला होता.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आमच्या घरी सूर्यास्तानंतरच जेवणारा हा पाहुणा किती दिवस येत होता, कोण जाणे!

चिंगीच्या सर्व लसी वेळेवर झालेल्या होत्या, म्हणून निभावले. तरीही डॉक्टरांनी रेबीजची लस पुन्हा टोचली व काही आठवडे लक्ष ठेवावयास सांगितले. रॅकूनपासून कुत्र्यांना रेबीज, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस असे रोग होऊ शकतात. शेजारचे गृहस्थ आपला पिंजरा घेऊन आले. दूर रानात नेऊन सोडा, म्हणाले. मुलाला ते पटले. मी मात्र अस्वस्थ झाले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिलाच बंध! तसे मी बोलून दाखविताच मुलगा म्हणाला, “आई, आधी चिंगीचा कान बघ, मग अहिंसा सांग.” मजजवळ उत्तर नव्हते. त्या कानाला मीच हळद लावू पाहिली होती आणि डॉक्टरांचे बोलणे खाल्ले होते.

पिंजरा लावण्यापूर्वी सूनबाईने वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेत फोन केला. तेथील बाईंनी पहिला प्रश्न विचारला, पोटाशी आचळ दिसत होते का? मला ते स्पष्ट आठवत होते. मग पिल्ले जवळच असणार, त्या म्हणाल्या. आम्ही डेकच्या फळ्यांना कान लावला, तर खालून बारीक किलबिलीसारखा आवाज येत होता. आई पिंजऱ्यात गेली असती, तर ती पिल्ले आमच्या पायांखाली भुकेने मेली असती. दूर सोडणेही कायद्यात बसत नव्हते. पकडलेला प्राणी 1 किलोमीटरच्या आतच सोडला पाहिजे, असा ऑन्टॅरिओचा नियम आहे. रोग पसरू नयेत, हे त्यामागील एक कारण. शिवाय परक्या प्रदेशात ते जीव बहुधा जगत नाहीत.

शेजाऱ्यांचा पिंजरा परत गेला. आता प्रश्न माझ्या ताटलीचा होता. दाणे उचलणे म्हणजे अन्नपाननिरोध नव्हे का? दोन दिवस मी घोळत राहिले. शेवटी मनाला पटले ते असे : तो अतिचार आपल्या आश्रयाला असलेल्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या जीवांविषयी आहे. ही तर अळ्या, फळे, अंडी, कचरापेटीतील उष्टे, काहीही खाऊन जगणारी स्वतंत्र आई. तिला कुत्र्यांच्या तोंडाशी मीच आणून उभे केले होते. त्या दिवसापासून ताटली चार वाजताच घरात येऊ लागली.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे डेकपाशी दिवा आणि बोलका रेडिओ रात्रंदिवस चालू ठेवला. कुत्री पट्ट्याने बांधून पुढच्या दाराने बाहेर जाऊ लागली. रॅकूनच्या आईपाशी दुसऱ्याही जागा हेरून ठेवलेल्या असतात. शांतता भंगली की ती पिल्ले तिकडे हलविते. तिसऱ्या रात्री अंधाऱ्या खिडकीतून मी पाहिले. मानेला धरून तिने एक पिल्लू कुंपणापार नेले. बऱ्याच वेळाने दुसरे, मग तिसरे. चौथे असेल का, या काळजीने मी पहाटेपर्यंत जागी होते.

बिळाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा बोळा कोंबला. तीन रात्री तो जागचा हलला नाही, तेव्हा मुलाने डेकभोवती चर खणून जाळी पुरली. खणताना गांडुळे निघाली. शक्य तेवढी मी खुरप्याने अलगद उचलून बाजूच्या वाफ्यात सोडली, पण काही तुटलीच. त्या संध्याकाळच्या प्रतिक्रमणात आलोचना करताना प्रथम ती आठवली आणि मग चिंगीचा कान.